मान धरली, हाताला मुंग्या आल्या: इंदूरमध्ये कुणाकडे, कधी आणि काय घेऊन जायचं

इंदूरमध्ये "मान दुखतेय" म्हणायचा अवकाश, समोरचा लगेच निदान करून मोकळा होतो: "अरे, सर्वाइकल है." शेजारच्या काकू घरातला जुना पट्टा आणून देतात, मेडिकलवाला तीन गोळ्यांची पुडी बांधतो आणि कुणीतरी 'नस बसवणाऱ्या'चा पत्ता देतं. सर्वायकल हा आजारच नाही. त्या शब्दाचा अर्थ नुसता 'मानेचा'. आखडलेला स्नायू, झिजलेली गादी, दबलेली नस आणि दबलेला मज्जारज्जू या चौघांनाही इथे तोच एक शब्द लावतात. घोळ तिथूनच सुरू होतो, कारण चौघांचे डॉक्टर वेगळे आणि घाईही वेगळी.

नोकरीनिमित्त इथे नव्याने आलेल्यांसाठी, किंवा आई-वडिलांना गावाहून इथे राहायला आणलेल्यांसाठी हा क्रम आहे. एक गोष्ट आधीच सांगतो: किती घाई करायची हे नुसत्या दुखण्यावरून ठरवू नका, हातापायांच्या ताकदीवरून ठरवा. रात्रभर झोपू न देणारी मानही बहुतेक वेळा काही आठवड्यांत वळणावर येते. उलट मज्जारज्जूवर दाब येतो तेव्हा कित्येकदा मान दुखतही नाही. फक्त शर्टाची बटणं लावायला वेळ लागतो, साडीच्या निऱ्या बोटांत धरवत नाहीत, चप्पल पायातून निसटते आणि कळतही नाही. घरचे म्हणतात, वय झालं.

१. डॉक्टरकडे जाण्याआधी दहा मिनिटं घरी

मानेत सात मणके. त्यांना सी-१ ते सी-७ म्हणतात. दुसऱ्या मणक्यापासून खाली दर दोन मणक्यांमध्ये एक गादी, म्हणजे डिस्क. मागच्या पोकळीतून मज्जारज्जू जातो आणि दोन्ही बाजूंनी नसांच्या आठ जोड्या बाहेर पडतात. गादी बाजूला सरकून नस दाबली गेली तर त्रास सहसा एका हातात उतरतो. मागे सरकून रज्जूच दाबला गेला तर दोन्ही हात, पाय, चाल आणि लघवीपर्यंत गोष्ट जाते. झीज सर्वांत जास्त सापडते ती सी-५/६ आणि सी-६/७ या दोन ठिकाणी.

आता कागद-पेन घ्या आणि हे लिहा.

कोणतं बोट? "हात सुन्न होतो" एवढ्यावरून डॉक्टरला फारसं कळत नाही. अंगठा आणि तर्जनी असेल तर सहाव्या नसेचा संशय येतो, मधलं बोट असेल तर सातवीचा, अनामिका आणि करंगळी असेल तर आठवीचा. मुंग्यांनी मध्यरात्री जाग येते आणि हात झटकला की बरं वाटतं, असं असेल तर दोष मानेत नसून मनगटात दबलेल्या नसेत असण्याची शक्यता मोठी. हेही लिहा.

मूठ किती वेळा? हात पुढे करा आणि दहा सेकंदांत पूर्ण मूठ वळून पूर्ण उघडा, जितक्या वेळा जमेल तितक्या वेळा. साधारण वीस वेळा जमायला हवी. बोटं अडखळत असतील आणि आकडा बराच खाली असेल, तर रज्जू तपासून घ्यायला हवा. संधिवाताने बोटं आखडलेल्या माणसाला ही चाचणी लावू नका.

चाल कशी? फरशीच्या रेषेवर टाचेला चवडा जोडत दहा पावलं टाका. म्हाताऱ्या माणसाच्या शेजारी कुणीतरी उभं राहा. तोल जातो का, अंधारात भिंत धरावी लागते का?

मान पुढे वाकवली की पाठीतून किंवा पायांत वीज गेल्यासारखं होतं का? त्रास कधीपासून आहे, वाढतो आहे की स्थिर आहे? 'वाढतो आहे' याला तपासणीत सर्वांत जास्त वजन असतं.

२. थेट इमर्जन्सीत जायचं ते केव्हा

पुढचं काहीही असेल तर ओपीडीची वाट पाहू नका:

- हात किंवा पाय अचानक, किंवा काही दिवसांत झपाट्याने, कमजोर होत जाणं
- लघवी अडणं किंवा नकळत होणं, शौचावरचा ताबा जाणं, जांघेत बधिरपणा
- अपघात किंवा जिन्यावरून पडल्यानंतरची मानदुखी. वय जास्त असेल तर साधं घसरणंही पुरेसं
- तापासोबत ताठ झालेली मान, डोकेदुखी, उजेड सहन न होणं
- कधी नव्हे इतकी तीव्र मानदुखी आणि सोबत बोलणं अडखळणं, दोन-दोन दिसणं, तोंड वाकडं होणं
- मान, जबडा, डावा हात दुखतोय आणि घाम येतोय, छाती भरून आलीय. हे हृदयाचं असू शकतं, इथे फिजिओकडे जाऊ नका

ॲम्ब्युलन्सचा नंबर १०८. सरकारी महाराजा यशवंतराव रुग्णालयात, म्हणजे सगळ्यांच्या तोंडच्या 'एमवाय'मध्ये, चोवीस तास इमर्जन्सी चालते. ते महात्मा गांधी मेमोरियल मेडिकल कॉलेजला जोडलेलं आहे. खासगीत जायचं तर निघण्याआधी फोन करून एकच विचारा: न्यूरोसर्जन किंवा स्पाइन सर्जन आत्ता येऊ शकतो का आणि एमआरआय रात्री चालू असतो का. बोर्डावर चोवीस तास लिहिलेलं असणं आणि रात्री दोन वाजता मशीनवर माणूस असणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

अपघातात हेल्मेट ओढून काढू नका. जखमीला उठवून बसवू नका आणि ॲक्टिव्हावर दोघांच्या मध्ये धरून तर अजिबात नेऊ नका. डोकं आणि धड एका रेषेत धरून, आडवं ठेवूनच हलवायचं. तिथे आगीचा किंवा गाड्यांचा धोका नसेल तर ॲम्ब्युलन्स येईपर्यंत हलवूच नका. रस्ते अपघातात २०२५ पासून केंद्राची कॅशलेस योजना लागू आहे: नेमलेल्या रुग्णालयात सात दिवसांपर्यंत, दर व्यक्तीमागे दीड लाख रुपयांपर्यंत. दाखल करतानाच काउंटरवर विचारा आणि अपघाताची नोंद पोलिसांकडे झाली आहे ना, हेही पाहा.

३. इमर्जन्सी नाही, मग दार कोणतं

नुसती मान आणि खांदा दुखतोय, हाता-पायांत काही नाही, दुखणं दोन-चार आठवड्यांच्या आतलं आहे: नेहमीचे फॅमिली डॉक्टर पुरतात. नवीन शहरात ते नसतील तर एमडी मेडिसिन किंवा हाडांचे डॉक्टर.

हातात कळ उतरते, मुंग्या येतात: मणक्याचं काम करणारा ऑर्थोपेडिक सर्जन किंवा न्यूरोसर्जन. मानेची ऑपरेशनं दोघेही करतात. पाटीवरच्या 'ऑर्थो' किंवा 'न्यूरो'पेक्षा, हा माणूस आठवड्यातून किती मानेच्या केसेस करतो हा प्रश्न जास्त कामाचा. हाडांचे काही डॉक्टर मुख्यतः गुडघे बदलतात. ते उत्तम असतील, पण तुमची मान त्यांचं रोजचं काम नाही.

न्यूरोसर्जन आणि न्यूरोलॉजिस्ट एकच समजू नका. न्यूरोलॉजिस्ट म्हणजे मेंदू आणि नसांच्या आजारांत डीएम ही पदवी घेतलेला, औषधांनी उपचार करणारा. मुंग्या दोन्ही पायांतही आहेत, मधुमेह आहे, किंवा दोष मानेत आहे की नसांतच आहे हे कळत नाही, तेव्हा तो. सकाळी उठल्यावर तासभर अंग ताठ असतं, हालचाल केली की मोकळं होतं आणि वय चाळिशीच्या आत आहे: ऱ्हुमॅटॉलॉजिस्ट, म्हणजे सांध्यांच्या सुजेचे डॉक्टर.

आणि चक्कर. इथे चक्कर आली की पहिला आळ मानेवर येतो. कूस बदलताना किंवा वर पाहताना काही सेकंद खोली फिरते, अशी चक्कर बहुधा कानाच्या आतल्या कणांची असते. कान-नाक-घसावाले डॉक्टर एका ठरावीक पद्धतीने डोकं फिरवून ती बऱ्याचदा तिथेच घालवतात. त्यासाठी महिनोन्महिने मानेला पट्टा लावून फिरणारी माणसं काही कमी नाहीत.

डॉक्टरांची नोंदणी मध्य प्रदेश मेडिकल कौन्सिलच्या किंवा राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या संकेतस्थळावर नावाने शोधता येते. फिजिओकडे किमान बीपीटी, म्हणजे फिजिओथेरपीची पदवी हवी.

केशकर्तनालयात मालिश झाल्यावर मान कडकन मोडून घेणं आजपासून बंद. मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीचं अस्तर अशा झटक्याने फाटू शकतं आणि त्यातून लकवा होऊ शकतो. रज्जू आधीच दाबात असेल तर धोका आणखी मोठा.

४. सोबत काय न्यायचं, आणि काउंटरवर काय बोलायचं

- आधार कार्ड, मोबाइल (ओटीपी येतो)
- समग्र आयडी, म्हणजे राज्य सरकारचा कुटुंबाचा ओळख क्रमांक. मध्य प्रदेशात सरकारी योजनांसाठी तो बऱ्याच ठिकाणी मागतात. महाराष्ट्रातून आलेल्यांना हा शब्दच नवीन असतो
- आयुष्मान (सरकारी आरोग्य योजना), ईएसआयसी (कामगारांचा सरकारी विमा) किंवा खासगी विम्याचं कार्ड, जे असेल ते
- जुने एक्स-रे, एमआरआयच्या फिल्म आणि सीडी, नुसता रिपोर्टचा कागद नव्हे
- चालू गोळ्यांची पाकिटं, विशेषतः रक्त पातळ करणाऱ्या, बीपीच्या, मधुमेहाच्या
- वर लिहिलेला बोटांचा आणि चालीचा कागद

सरकारी रुग्णालयात ओपीडीच्या चिठ्ठीला 'पर्चा' म्हणतात, दाखल होण्याला 'भर्ती' आणि डिस्चार्जला 'छुट्टी'. रामबाग-लोकमान्यनगर भागातल्या दवाखान्यांत मराठी चालून जाईल, पण एमवायमधला निवासी डॉक्टर रीवा-सागरकडचाही असू शकतो. म्हणून चार शब्द तयार ठेवा: मुंग्या म्हणजे 'झुनझुनी', बधिर म्हणजे 'सुन्न', तोल जाणं म्हणजे 'चलते समय लड़खड़ाना'. सर्वांत मोठा सापळा 'कमज़ोरी' या शब्दाचा. "हाथ में कमज़ोरी है" म्हटलंत की ऐकणारा थकवा समजतो आणि बी-कॉम्प्लेक्स लिहून देतो. त्याऐवजी नेमकं सांगा: "दाएँ हाथ की पकड़ ढीली हो गई है, गिलास छूट जाता है."

५. तपासणी: आधी हात, मग मशीन

डॉक्टरने एमआरआयच्या आधी काय करायला हवं? खांदा, कोपर, मनगट आणि बोटांची ताकद एकेक करून पाहायची, हातोडीने झटके तपासायचे, टाचणी किंवा कापसाने संवेदना पाहायची आणि तुम्हाला चालवून बघायचं. मधलं बोट टिचकावून अंगठा आत वळतो का, हीही एक खूण आहे. हे काहीच न करता दोन मिनिटांत एमआरआयची चिठ्ठी हातात आली, तर स्वतःहून म्हणा: "सर, एकदा ताकद तपासून बघता का?"

एक्स-रे झीज, घसरलेला मणका, मोडलेलं हाड दाखवतो; नस आणि गादी दाखवत नाही. मान पुढे-मागे वाकवून काढलेले एक्स-रे मणका डगमगतो का ते सांगतात, मात्र ताज्या अपघातात मान अशी वाकवायची नसते.

एमआरआय लागतो तो ताकद कमी असेल, रज्जूची लक्षणं असतील, ताप, घटतं वजन किंवा पूर्वीचा कर्करोग असेल, किंवा सहा आठवडे उपचार करूनही हाताची कळ हटत नसेल तेव्हा. टीबी आपल्याकडे मणक्यातही होतो. रात्री वाढणारी मानदुखी, बारीक ताप आणि वजन उतरणं एकत्र आलं तर ईएसआर आणि सीआरपी या दाह दाखवणाऱ्या रक्तचाचण्या आणि एमआरआय लांबवू नका.

सेंटरवर जाण्याआधी फोनवर विचारून घ्या: मशीन १.५ टेस्लाचं (चुंबकाची ताकद) तरी आहे का, सीडी मिळेल का, पूर्ण मणक्याचं स्क्रीनिंग त्यातच आहे की वेगळे पैसे. चिठ्ठीवर सेंटरचं नाव छापलेलं असलं तरी तिथेच जायचं बंधन नाही. तीन ठिकाणी दर विचारा, फरक दिसेल. साध्या गादीच्या त्रासाला कॉन्ट्रास्ट, म्हणजे शिरेतून द्यायचं औषध, सहसा लागत नाही. संसर्ग, गाठ किंवा आधीचं ऑपरेशन असेल तर लागतं आणि त्याआधी क्रिएटिनिन ही मूत्रपिंडाची रक्तचाचणी पाहतात. पेसमेकर, मेंदूतली क्लिप, कानातलं इम्प्लांट असेल तर चिठ्ठी घेतानाच सांगा. बंद जागेची भीती वाटत असेल तर तेही आधी सांगा. हललात की चित्रं धूसर येतात आणि पुन्हा काढावी लागतात.

सोबत बी-१२ जीवनसत्त्व आणि एचबीए१सी (मागच्या काही महिन्यांची सरासरी साखर) या रक्तचाचण्या. शाकाहारी घरांत बी-१२ ची कमतरता फार दिसते आणि तिच्याने मुंग्या येतात, तोलही जातो. एमआरआयवर थोडी झीज दिसली की सगळा दोष तिच्या माथी मारला जातो आणि दोनेकशे रुपयांची इंजेक्शनं द्यायची राहून जातात. ईएमजी-एनसीव्ही ही नसांची चाचणी मनगट की मान हा वाद सोडवायला चांगली, पण सुईचा भाग लक्षणं सुरू होऊन तीन आठवडे उलटल्याशिवाय पूर्ण बोलत नाही.

६. रिपोर्ट हातात आल्यावर घाबरण्याआधी

जपानमध्ये मानेचा काहीही त्रास नसलेल्या १,२११ लोकांचे एमआरआय काढले, तेव्हा ८७ टक्क्यांहून अधिक जणांची गादी फुगलेली निघाली. म्हणून 'डिस्क बल्ज' हे दोन शब्द वाचून ऑफिसातून रजा टाकू नका. 'लॉर्डोसिस कमी' म्हणजे मानेचा नैसर्गिक बाक सरळ झालाय. आखडलेल्या स्नायूंनीही तो होतो, झोपण्याच्या स्थितीनेही. 'ऑस्टिओफाइट' म्हणजे वयाने आलेली हाडाची कड.

ज्यावर बोट ठेवून विचारायचं ते शब्द वेगळे: 'कॉर्ड कॉम्प्रेशन' (रज्जूवर दाब), 'कॉर्ड सिग्नल चेंज' (रज्जूत दिसणारा बदल), 'मायलोमलेशिया' (रज्जू नरम पडणं), 'ओपीएलएल' (मणक्यामागचा पट्टा हाडासारखा होणं). आणि प्रश्न एकच: रिपोर्टमधली ही पातळी आणि माझं बोट जुळतं का? त्रास करंगळीत (आठवी नस) आणि ऑपरेशन सी-५/६ चं (सहावी नस) सुचवलेलं, असं असेल तर उत्तर समजावून घेतल्याशिवाय उठू नका.

७. पहिले सहा आठवडे

धोक्याची लक्षणं नसतील तर हेच मुख्य उपचार. पूर्ण अंथरूण धरू नका. मऊ पट्टा लावायचाच तर काही दिवस, तोही थोडा वेळ. महिनाभर लावला तर मानेचे स्नायू सुटतात आणि पट्ट्याशिवाय मान पेलवत नाही. शेक दहा-पंधरा मिनिटं, कपड्यावरून.

गोळ्यांचा सापळा मोठा आहे. मेडिकलवरच्या जोडगोळ्यांत पॅरासिटामॉल आधीच मिसळलेलं असतं. वरून तापाची गोळी घेतली की मात्रा दुप्पट. निरोगी प्रौढाला दिवसाला ४ ग्रॅम ही कमाल मर्यादा, वयस्क किंवा यकृताचा त्रास असलेल्यांना त्याहून कमी. डायक्लोफेनॅक, एटोरिकॉक्सिबसारख्या गोळ्या बीपी वाढवतात, मूत्रपिंड आणि पोट बिघडवतात. आजोबांच्या डब्यात त्या विचारल्याशिवाय टाकू नका. प्रीगाबालिनने झोप येते, तोल जातो. ती घेऊन गाडी चालवू नका, आणि बरेच दिवस चालू असेल तर एकदम बंद करू नका.

फिजिओकडे फक्त मशीन लावून झोपवून ठेवत असतील तर फिजिओ बदला. मशीनने तेवढ्यापुरतं बरं वाटतं. टिकतं ते व्यायामाने: हनुवटी आत ओढणं, खांद्याची पाती मागे घेणं, मानेला हाताने विरोध देऊन स्नायू घट्ट करणं. पहिल्या दिवशी त्यांनी तुमची ताकद लिहून ठेवायला हवी, म्हणजे दोन आठवड्यांनी तुलना होते. ट्रॅक्शन, म्हणजे वजनाने मान ओढणं, लावण्याआधी रज्जूवर दाब नाही याची खात्री हवीच. व्यायाम करताना कळ हातात आणखी खाली उतरत असेल तर थांबा. हातातून वर मानेकडे गोळा होत असेल तर बहुधा दिशा बरोबर आहे.

स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत. उशी एवढीच जाड, की कुशीवर झोपल्यावर कान आणि खांदा यांच्यातली जागा भरेल.

८. पैशाचं आधी बोला

आयुष्मानमध्ये कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे आणि ७० वर्षांवरच्यांना उत्पन्न न पाहता वेगळं कार्ड मिळतं. पण ही योजना भरती झालेल्यांसाठी आहे. ओपीडी आणि बाहेर सुटा काढलेला एमआरआय तिच्यात येत नाही. दाखल होण्याआधीचे ३ दिवस आणि नंतरचे १५ दिवस धरतात. 'आयुष्मान चालतं' एवढ्यावर थांबू नका. 'मणक्याच्या ऑपरेशनसाठी चालतं का' असं रुग्णालयातल्या आयुष्मान मित्राला (योजनेच्या मदतनिसाला) विचारा, कारण रुग्णालयं विभागवार जोडलेली असतात. हेल्पलाइन १४५५५. कारखान्यातल्या कामगारांसाठी ईएसआयसीचं रुग्णालय नंदानगरला आहे.

खासगी विम्यात दोन खाचा. गादीच्या आजारांना बऱ्याच पॉलिसींत २ वर्षांची प्रतीक्षा असते. दुसरी म्हणजे, "एक दिवस भरती करून एमआरआय करून टाकू, क्लेम होईल" हा सल्ला. केवळ तपासणीसाठी दाखल झाल्याचा क्लेम फेटाळला जातो आणि खोलीचं भाडंही तुमच्याच अंगावर येतं.

९. ऑपरेशन सुचवलं तर

ऑपरेशनला ठोस कारणं थोडीच: रज्जूवरचा दाब आणि त्याची लक्षणं, वाढत जाणारी ताकदीची घट, किंवा सहा ते बारा आठवडे नीट उपचार करूनही जगू न देणारी हाताची कळ. नुसत्या मानदुखीसाठी ऑपरेशन सुचवलं तर दुसरं मत घ्याच. रज्जूच्या दाबात मात्र दुसऱ्या मताच्या नावाखाली महिने घालवू नका. गेलेली ताकद पूर्ण परत येईल याची हमी नसते. ऑपरेशनचा मुख्य हेतू पुढची पडझड थांबवणं हाच. एमआरआयची सीडी दुसऱ्या शहरातल्या डॉक्टरला दाखवता येते, आणि भोपाळचं एम्स साधारण दोनशे किलोमीटरवर आहे. तिथली वेळ ऑनलाइन घेता येते.

विचारायचे प्रश्न: किती पातळ्या आणि का? पुढून की मागून? गादी काढून मणके जोडणार की कृत्रिम गादी बसवणार? इम्प्लांटची किंमत पॅकेजमध्ये आहे का? मशीनवर नसांचं निरीक्षण होणार का? रक्त पातळ करणारी गोळी कधी थांबवायची, हे हृदयाच्या डॉक्टरशी बोलून ठरवा, मनाने नको. बिडी-सिगारेट आधीच बंद, कारण धुराने हाडं जुळायला उशीर होतो.

'छुट्टी'च्या दिवशी डिस्चार्ज कार्ड, ऑपरेशनच्या नोंदी, इम्प्लांटचे स्टिकर, नवा एक्स-रे आणि पक्की बिलं मोजून घ्या. पुढून केलेल्या ऑपरेशननंतर काही दिवस गिळताना दुखतं, आवाज बसतो. ते सहसा ओसरतं. पण गळ्यावर सूज वाढतेय, श्वास कोंडतोय, किंवा हात-पाय नव्याने ढिले पडताहेत असं दिसलं तर फोनवर सल्ला विचारत बसू नका, लगेच इमर्जन्सी गाठा. ताप आला किंवा जखमेतून पाणी आलं तर त्याच दिवशी दाखवा, टाक्यांच्या तारखेची वाट पाहू नका.